आधी आला त्याचा नंबर आधी
जपानच्या शौचालयांत आम्हाला आलेले काही अनुभव

माणूस परदेशातून परत आला की शेजारीपाजारी विचारतात, काय काय पाहिले? आम्हालाही विचारले. नाराची भव्य बुद्धमूर्ती कशी आहे, बुलेट ट्रेन खरोखरच तेवढी पळते का, तिकडे भाकरी मिळते का? आम्ही सगळे सांगितले. पण एक गोष्ट कुणी विचारली नाही आणि आम्हीही आपण होऊन काढली नाही. तीच आज लिहायला बसलो आहोत. विषय संडासाचा आहे. वाचकांनी नाक मुरडू नये. ज्या गोष्टीवाचून राजाचे चालत नाही आणि रंकाचेही चालत नाही, तिच्याविषयी बोलायला लाज कसली?

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवराबायको. आमचा संसार मुंबईच्या एका चाळीत सुरू झाला. मजल्यावर वीस खोल्या आणि टोकाला चार संडास. त्यातल्या एकाची कडी कायम तुटलेली, म्हणून खरे तर तीनच. पहाटे टमरेल हातात घेऊन रांग लागायची. पहिल्या पाळीचे गिरणीकामगार घाईत असायचे, त्यांना वाट द्यावी लागे. दादा लोक रांग मोडून घुसायचे, त्यांनाही द्यावी लागे. बायका अंधार असतानाच उरकून घेत, नाही तर दिवसभर कळ काढीत. आमची आई, म्हणजे आमच्यातल्या एकाची आई आणि दुसरीची सासू, शहर सफाईच्या कामावर होती. लोकांचे संडास धुऊन तिने आम्हाला वाढवले. त्यामुळे हा विषय आमच्या घरातलाच आहे.

मुलगी ओसाका शहरात संगणकाचे काम करते. २०२४ च्या नोव्हेंबरात तिने आम्हा दोघांची तिकिटे पाठवली. पंधरा दिवस तिच्याकडे राहिलो. त्या पंधरा दिवसांतल्या या गोष्टी.

घंटा वाजली

दुसऱ्या दिवशी मुलीबरोबर रेल्वेने निघालो. एका मोठ्या स्टेशनात आमच्यातल्या बाईमाणसाला जावे लागले. मुलगी बाहेर थांबली. आत शिरून बसायला गेलो तर बैठक गरम! आपल्याकडे बैठक गरम असली तर आत्ताच कोणी उठून गेले असे समजायचे. तिकडे ती विजेने गरम ठेवतात, थंडीत अंगाला चटका बसू नये म्हणून. हे माहीत नव्हते, म्हणून आधी पाच मिनिटे संकोचात गेली.

खरी अडचण पुढेच होती. नळ नाही, टमरेल नाही, डबडे नाही. भिंतीवर मात्र बटणांची पाटी, आपल्या घरच्या टी.व्ही.च्या रिमोटसारखी. त्यावर जपानी अक्षरे. मुलीने सांगितले होते, "आई, पाणी आपोआप येतं, फक्त बटण दाब." कोणते बटण ते सांगायला ती विसरली. एक दाबले, काहीच झाले नाही. बाजूला एक लाल बटण होते. लाल म्हणजे मुख्य असणार, असे समजून ते दाबले आणि बाहेर घंटा वाजू लागली.

ते बटण संकटात सापडलेल्या माणसासाठी होते. आत कोणी चक्कर येऊन पडले, म्हातारे माणूस घसरले, तर मदत मागण्यासाठी. अर्ध्या मिनिटात दारावर टकटक झाली. बाहेरून एक बाई काळजीच्या आवाजात विचारत होती, "दाइजोबु देस का?" म्हणजे, बरे आहे ना? आतून उत्तर काय देणार? "हो हो, बरं आहे," असे मराठीतच ओरडलो.

दार उघडले तेव्हा समोर साफसफाई करणारी बाई उभी होती. साठीच्या पुढची. अंगात स्वच्छ गणवेश, हातात मोजे. आम्ही हात जोडले, तोंड कसनुसे केले. ती हसली नाही, रागावलीही नाही. आत येऊन तिने घंटा बंद केली. मग हाताच्या खुणांनी दाखवले, हे मागचे धुण्यासाठी, हे बायकांसाठी, हे थांबवण्यासाठी, आणि पाणी सोडायला भिंतीवरच्या या काळ्या काचेपुढे नुसता हात धरायचा. शिकवून झाल्यावर कमरेत वाकून नमस्कार केला आणि पुढच्या कामाला गेली. चूक आमची, आणि वाकली ती. हे दृश्य डोळ्यांपुढून जात नाही.

पुढे मुलीने सांगितले की अशी फजिती होणारे आम्ही पहिले नव्हतो. परदेशी पाहुण्यांचा हाच गोंधळ होतो, म्हणून २०१७ साली तिथल्या शौचालयाचे सामान बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने बटणांवरची चित्रे सगळीकडे एकसारखी करायचे ठरवले. पण जुनी पाटी जिथे आहे तिथे अजून अंदाजच करावा लागतो.

पाण्याची सवय त्यांना कशी लागली

धुण्याचे हे यंत्र मूळचे जपानी नाही. असे आसन अमेरिकेत रुग्णांसाठी बनत होते. किताक्यूशू शहरातली टोटो ही कंपनी १९१७ पासून चिनीमातीची भांडी बनवते. तिने १९६४ मध्ये ते आसन आणून विकायला सुरुवात केली. ते महाग होते आणि पाण्याचा नेमही नीट बसत नव्हता. मग कंपनीने स्वतः बनवायचे मनावर घेतले. पाण्याची धार नेमकी कुठे लागली पाहिजे, हे पुस्तकात लिहिलेले नव्हते. म्हणून कंपनीतल्याच तीनशेच्या आसपास बायका-पुरुषांना विनंती करून मापे घेतली गेली. धार ४३ अंशांत सोडायची आणि पाणी ३८ अंश सेल्सिअस गरम ठेवायचे, असे ठरले. १९८० साली 'वॉशलेट' बाजारात आले.

आता बघा, कागदाने पुसणारे अख्खे जग आणि पाण्याने धुणारे आपण, यात आजवर आपल्यालाच मागासलेले समजत आले. जपान्यांनी मात्र पाणीच बरे असे ठरवून त्याला यंत्र जोडले. आमच्यातला गडीमाणूस म्हणाला, "म्हणजे आपलं टमरेलच शेवटी पुढं निघालं!" ते खरे असले तरी एक फरक विसरू नये. आपण टमरेलावर थांबलो, त्यांनी म्हाताऱ्याचा गुडघा, आजाऱ्याची पाठ आणि हिवाळ्याची थंडी या सगळ्यांचा विचार केला.

बायकांच्या बाजूला आणखी एक गंमत पाहिली. एका बटणावर संगीताचे चिन्ह होते. दाबले तर नुसता पाणी वाहण्याचा आवाज, पाणी मात्र कुठेच नाही. आपला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिथल्या बायका पुन्हा पुन्हा पाणी सोडत आणि ते फुकट जाई. म्हणून १९८८ साली नुसता आवाज करणारे 'ओतोहिमे' नावाचे यंत्र निघाले. चाळीत आमच्या पोरी आत गेल्यावर नळ सोडून ठेवत, त्याची आठवण झाली. लाज सगळीकडे सारखीच असते म्हणायची.

उलटे बसलो

सगळीकडे बटणे असतील या समजुतीने एका जुन्या बागेतल्या शौचालयात गेलो, तर जमिनीत बसवलेले उकिडवे बसायचे भांडे! इतके बरे वाटले म्हणता, जणू गाव भेटले. आपण बसतो तसे दाराकडे तोंड करून बसलो. पण भांड्याच्या एका टोकाला टोपीसारखा उंचवटा होता, तो पाठीला टोचू लागला. नंतर कळले की त्या टोपीकडे तोंड करून बसायचे असते, म्हणजे दाराकडे पाठ. आम्ही उलटे बसलो होतो. बरे, इथे धुण्याचे यंत्र नव्हते आणि नळही नव्हता, फक्त कागद. पिशवीतली पाण्याची बाटली कामी आली. त्या दिवसापासून रिकामी बाटली टाकली नाही.

ही जुनी उकिडवी भांडी तिथे झपाट्याने कमी होत आहेत. नव्या पिढीच्या पोरांना त्यावर बसताच येत नाही, असे मुलगी सांगत होती.

डोंगरातल्या एका छोट्या पाहुणघरात एक रात्र राहिलो, तिथली फजिती चपलांची. घरात शिरताना बूट काढून चपला घालायच्या. खोलीत चटईवर त्या चपलाही काढायच्या. आणि शौचालयाच्या दारात तिसऱ्याच चपला ठेवलेल्या, त्या फक्त आतल्या आतच वापरायच्या. आमच्यातला गडीमाणूस सकाळी त्याच चपला घालून थेट जेवणघरात पोचला. चार माणसांचे घास हातात राहिले. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. गुडघ्यावर बसून त्यांनी त्या चपला काढून नेल्या आणि जागा पुसली. मुलगी महिनाभर हसत होती.

शंभर जणांचे शौचालय आणि बुद्धाचा नियम

क्योटो शहरात तोफुकु-जी नावाचे झेन पंथाचे मोठे विहार आहे. नोव्हेंबरात तिथले मेपलचे लाल रान पाहायला गर्दी लोटते. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. पण मुलीने एका लांब, जुन्या लाकडी इमारतीपुढे नेऊन उभे केले. म्हणाली, "पप्पा, ओळखा, हे काय असेल?" आम्हाला वाटले धान्याचे कोठार. ते भिक्खूंचे शौचालय होते! मुरोमाची काळातले, म्हणजे पाचएकशे वर्षांपूर्वीचे. झेन विहारांची उरलेली अशी शौचालये जी आहेत, त्यांत सर्वांत जुने आणि मोठे हेच. लोक त्याला 'शंभर जणांचे शौचालय' म्हणतात. जाळीतून आत पाहिले तर जमिनीत गोल खड्ड्यांच्या रांगा. सरकारने ही इमारत राष्ट्राचा महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून जपली आहे. ज्याला आपण वस्तीच्या टोकाला ढकलतो, तेच त्यांनी विहाराच्या मुख्य इमारतींत धरले होते. त्यांचे आचार्य दोगेन यांनी १२३९ साली शौचाला कसे जावे, हात कसे धुवावे यावर एक सबंध प्रकरणच सांगितले आहे.

हे पाहून नवल वाटायचे कारण नव्हते, पण वाटले. कारण आपल्याच घरातले आपण वाचलेले नसते. घरी आल्यावर विनयपिटकातला चुल्लवग्ग काढून पाहिला. त्यात शौचालयाला 'वच्चकुटी' म्हटले आहे आणि तिथे कसे वागावे याचे नियम भगवान बुद्धांनी घालून दिले आहेत. बाहेर असलेल्याने खोकावे, आत असलेल्यानेही खोकून उत्तर द्यावे. चीवर बाहेर काढून ठेवावे. घाईघाईने शिरू नये. जागा घाण दिसली तर ज्याला दिसली त्याने स्वच्छ करावी. पाण्याच्या भांड्यात पाणी नसेल तर भरून ठेवावे.

हे नियम का करावे लागले, ते वाचण्यासारखे आहे. ब्राह्मण कुळातून आलेला एक भिक्खू शौचानंतर धूत नसे. असल्या घाणीला हात कोण लावणार, असे तो म्हणे. त्याच्यावरून नियम झाला की पाणी असताना धुतल्याशिवाय राहायचे नाही. स्वतःच्या घाणीला स्वतःचा हात लावायचा, हा त्याचा अर्थ.

दुसरी हकीकत तर आमच्या चाळीचीच आहे. भिक्खू शौचालयाला ज्येष्ठतेच्या क्रमाने जात. नवे भिक्खू आधी येऊनही थेरांची वाट पाहत थांबत आणि कळ आवरता आवरता मूर्च्छा येऊन पडत. बुद्धांच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी क्रमच बदलला. शौचाला ज्येष्ठ-कनिष्ठ पाहायचे नाही, जो ज्या क्रमाने आला त्याने त्या क्रमाने जायचे. अडीच हजार वर्षांपूर्वी माणसाच्या पोटातल्या कळेपुढे मोठेपणाला बाजूला उभे केले! ओसाकाच्या स्टेशनात बायकांची तीस जणींची रांग आम्ही पाहिली. सगळ्यांची मिळून एकच रांग, जे दार उघडेल तिथे पुढची जाणार. सुटाबुटातली अधिकारी बाई आणि पोतेरे झालेल्या कपड्यांतली म्हातारी, दोघी आपापल्या नंबरावर. आम्हाला तो चुल्लवग्गातला नियमच डोळ्यांसमोर चालताना दिसला.

साफ करणारे हात

आता थोडे जड बोलणे. शौचालय चकचकीत आहे म्हणजे कोणाचे तरी हात राबतात.

पुरुषांच्या बाजूलाही तिथे बायका साफसफाई करतात, माणसे आत असतानाच. आमच्यातला गडीमाणूस पहिल्यांदा दचकून मागे फिरला. ती बाई पुसता पुसता बाजूला झाली आणि या या म्हणून खूण केली. आईच्याच वयाची होती. जाताना त्याने मान झुकवली, तिनेही झुकवली. बाहेर आल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आईपुढं असं कोणी वाकलं असेल का गं कधी?"

कोणी वाकले नव्हते. ज्या घराचे संडास ती धुई, त्या घरची बाई तिला पाणी वरून ओंजळीत ओतून देत असे. आणि आम्ही तरी काय केले? नव्या सोसायटीत राहायला आलो तेव्हा कुणी विचारले, सासूबाई काय करायच्या, तर आम्ही सांगत असू, नोकरीला होत्या. पुढचा शब्द गिळत असू. मुलगी मात्र ओसाकाच्या आपल्या सहकाऱ्यांना सरळ सांगते, माझी आजी संडास साफ करायची, तिच्या पगारावर माझे वडील शिकले. आम्ही ते ऐकले आणि मान खाली घातली.

जपान म्हणजे स्वर्ग, असे कुणी समजू नये. अवघड, घाणेरड्या आणि धोक्याच्या कामांना तिकडेही लोक नाक मुरडतात. मुलीच्या घरी 'परफेक्ट डेज' हा २०२३ चा चित्रपट पाहिला. टोकियोच्या शिबुया भागात २०२० ते २०२३ या काळात नामवंत वास्तुरचनाकारांकडून १७ सार्वजनिक शौचालये बांधून घेतली. त्यातली काही तर काचेची, आतून कडी लावली की काच धूसर होते. ती शौचालये धुणाऱ्या माणसाची ही गोष्ट. कोजी याकुशो या नटाला त्यासाठी कान महोत्सवात पारितोषिक मिळाले. त्यात तो हरवलेल्या पोराला हाताला धरून आईकडे आणतो, तेव्हा आई आभार मानायच्या ऐवजी पोराचा हात पुसून काढते. तो प्रसंग आला आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

शिवाशिवही तिथे होतीच. मेलेली जनावरे आणि कातडे यांची कामे करणाऱ्या लोकांना तिथे शतकानुशतके गावाबाहेर ठेवले. १८७१ मध्ये सरकारने कागदावर त्यांना समान केले, पण लग्नात आणि नोकरीत भेद चालूच राहिला. म्हणून १९२२ मध्ये त्यांनी क्योटोलाच 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभारली. मैला वाहण्याचे काम मात्र एका जातीच्या डोक्यावर बांधले नव्हते. एदो काळात मैल्याला खत म्हणून भाव होता. शेतकरी स्वतः शहरात येऊन पैसे किंवा भाजी देऊन तो नेत. चाळीच्या मालकाला त्याचे उत्पन्न मिळे. आज जिथे गटारे पोचली नाहीत, तिथे टाकीतला मैला पंपाची गाडी ओढून घेते. आणि बहुतेक शाळांत मुले वर्ग, जिने आणि शौचालयेही स्वतःच साफ करतात. डॉक्टरचा मुलगाही आणि मजुराचाही.

आपल्याकडे हाताने मैला साफ करायला लावणे १९९३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले, २०१३ मध्ये आणखी कडक कायदा आला. तरी गटारात उतरून माणसे मरतच राहिली. मेलेल्याच्या घरच्यांना द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. रक्कम वाढली, पण माणूस आत उतरू नये हे खरे. मरणारे कोणत्या वस्तीतले असतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना

आता आपली मुले परदेशी जातात, पाठोपाठ आईबापही जातात. म्हणून थोडे सांगून ठेवतो. पिशवीत छोटी पाण्याची बाटली ठेवावी. हात पुसायला रुमाल न्यावा, बऱ्याच ठिकाणी कागद किंवा फडके नसते. जपानात शौचाचा कागद भांड्यातच टाकायचा असतो, बाजूच्या डब्यात नाही. लाल बटणाला हात लावू नये. आणि साफसफाई करणाऱ्या माणसाकडे पाहून मान झुकवावी, त्याला भाषा लागत नाही.

आल्यावर

परत आल्यावर आमच्या वस्तीतल्या विहारात गेलो. मागच्या बाजूला एक संडास आहे. तो धुवायला महिन्याला पैसे देऊन एक म्हातारा बाबा ठेवला आहे. पौर्णिमेला कार्यक्रम झाला की तो येतो, मागच्या दाराने. जेवण त्याला पत्रावळीत बाहेर दिले जाते. आम्हीच देत होतो, इतकी वर्षे. वाईट हेतूने नव्हे, पण देत होतो.

गेल्या पौर्णिमेला आम्ही दोघांनी आधी बादली आणि खराटा घेतला. दोनचार जण म्हणाले, "अहो, त्याला पैसे देतो ना आपण?" आम्ही म्हटले, "त्याचे पैसे चालूच राहतील. आज आमचा नंबर." बाबा आला आणि गोंधळून दाराशी उभा राहिला. काम झाल्यावर त्याला पंक्तीत बसवले. बसायला तयार नव्हता. शेवटी बसला, आमच्या दोघांच्या मध्ये. कुणी उठून गेले नाही. पुढच्या पौर्णिमेला कोण धुणार, असे विचारले तेव्हा मात्र थोडा वेळ सगळे गप्प होते. मग मागून एका कॉलेजातल्या पोराने हात वर केला.

आणि परवा नव्या शेजारणीने विचारले, "तुमच्या सासूबाई काय करायच्या हो?" या वेळी शब्द गिळला नाही.